आयोवाला गेलो आम्ही तिघे

३ ऑक्टोबर २०१०, रविवार
लग्नाचा परवाना तयार आहे, असा परवा आयोवाहून फोन आला. येत्या शुक्रवारी सकाळी अकराला न्यायाधीशबाई लग्न लावतील. इथे नेब्रास्कात दोन पुरुषांचं लग्न होत नाही. नदी ओलांडून आयोवात गेलं की होतं. बावीस वर्षं एमेटबरोबर एका घरात काढल्यावर आता ही धावपळ!

मागणी मीच घातली. एमेटच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. मी लिहिलं, 'भाडेकरू'. घाबरून. एमेट आठवडाभर बोलला नाही, म्हणून ही मागणी.

चर्चमध्ये मात्र कुणाला सांगायचं नाही. एकोणीस वर्षं तिथे ऑर्गन वाजवतोय. माणसं चांगली आहेत, कळूनही न कळल्यासारखं करतात. लग्नाचा कागद समोर आला की काय करतील, सांगता येत नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार
आई कोंबड्यांना दाणे टाकताना घसरली. उजवं मनगट मोडलं. वय एक्क्याऐंशी. सहा आठवडे आमच्याकडेच. एकटी ठेवायची नाही, म्हणाले डॉक्टर. मग शुक्रवारचं काय?

६ ऑक्टोबर
एमेट म्हणाला, "घेऊन जाऊ की." काय सांगून? "आयोवात सफरचंदं चांगली मिळतात म्हणून."
तेच सांगितलं. आई म्हणाली, "बरं."

७ ऑक्टोबर
नवे टाय आणले. एमेटचा मोहरीच्या रंगाचा – भयंकर. तोंडाने बोललो नाही, पण चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार
आई मोत्याच्या कुड्या घालून गाडीत बसली. एका हाताने कशा घातल्या, देव जाणे. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कोर्टासमोर गाडी लावली. "छोटंसं काम आहे, वीस मिनिटांत येतो," म्हणून तिला गाडीतच बसवलं. वर गेलो तर आमची मैत्रीण कार्ला एकटीच उभी. तिच्या नवऱ्याला सकाळपासून उलट्या होतायत. "साक्षीदार दोन लागतात," खिडकीतली बाई म्हणाली, "तुमच्यासोबत आणखी कुणी आलंय का?" एमेटने माझ्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.

खाली आलो. आई सँडविच खात होती. "आई, वर एका कागदावर सही हवीय. कागद असा आहे की –"

"व्हर्नन, सफरचंदं आणायला कुणी नवे टाय लावून जातं का रे? दार उघड."

लिफ्टमध्ये विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"तुझ्या घरात पलंग किती आहेत, ते मला मोजता येतं."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तू सांगशील म्हणून थांबले. बावीस वर्षं थांबले. मग वाटायला लागलं, सांगण्याइतकी मी जवळची नसेन."

लिफ्टचं दार उघडलं. शेवटी तिनेच डाव्या हाताने मला बाहेर ढकललं.

सहीही डाव्या हाताने केली. एमेटने लग्नाचं वचन दोनदा पहिल्यापासून म्हटलं. न्यायाधीशबाईंनी त्याला पाणी दिलं. सव्वाअकराला लग्न झालेलं!

हॉटेलात तिघांनी चेरी भरून भाजलेली 'पाय' खाल्ली. आईने एमेटला म्हटलं, "टाय छान आहे हो." तो अजून मला ऐकवतोय.

परतताना आईने विचारलं, "चर्चमध्ये कधी सांगणार?" मी म्हणालो, नाही सांगणार.

१० ऑक्टोबर, रविवार
उपासनेत पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला काही आनंदाची बातमी सांगायचीय? आई उभी राहिली. "शुक्रवारी माझ्या व्हर्ननचं एमेटशी लग्न झालं. साक्षीला मी होते." आणि बसली.

दोन कुटुंबं उठून गेली. दार लागल्याचा आवाज आला. माझी बोटं ऑर्गनवरच. पाळकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "व्हर्नन, पुढचं गीत घे."

तेवढ्यात मागच्या बाकावरून हॉफमनबाई – "थांबा. लग्न झालं आणि केक कुणी केलाच नाही?"