छत्तीसनंतरचे फोटो

बाबा, रविवारी आमच्या सोसायटीत मुलांसाठी फोटोशोधाचा खेळ होता. घरात, जिन्यात, गच्चीवर सांगितलेली गोष्ट शोधायची, मोबाइलवर तिचा फोटो काढायचा आणि आणून दाखवायचा. डोंबिवलीत माझा स्टुडिओ आहे, म्हणून परीक्षक मी. आयोजक मुलगी मला समजावत होती, "काका, ही कन्सेप्ट आपल्याकडे एकदम नवीन आहे." मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधी ठाण्याला कोपरीत आमच्या घरी झालाय हा खेळ. आणि परीक्षक माझ्याहून कडक होते." ती हसली, म्हणजे तिला ते खरं वाटलं नाही. तेव्हापासून डोक्यात तुम्ही आहात. त्या खेळाचे आता साक्षीदार आम्ही तिघेच उरलोय, मी, ताई आणि आई, आणि त्या निकालावरून माझं आणि आईचं अजून जमत नाही.

शहाऐंशीचा मे. पंखा पुसायला स्टुलावर चढलात आणि पडलात, उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. एरवी तुम्ही आम्हाला दिवसा दिसत नव्हतात. वागळे इस्टेटमध्ये फिटरची नोकरी, त्यात पाळ्या. दिवसा घरी असलात तर झोपलेले, आणि आम्ही दोघं भावंडं चपला हातात घेऊन जिना चढायचो. त्या उन्हाळ्यात मात्र तुम्ही बाहेरच्या खोलीत खाटेवर, पाय दोन उशांवर, आणि पूर्ण जागे. आम्ही दोघं तुमच्या डोक्याशी भांडत होतो. आई एक दिवस स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, या दोघांना कामाला लावा, नाहीतर मला माहेरी तरी पाठवा!" कपाटात मामाचा कॅमेरा होता. मामा बोटीवर, पुढच्या खेपेपर्यंत तो आपल्याकडे ठेवून गेलेला. तुम्ही कॅमेरा मागवून घेतलात आणि खेळ जाहीर केलात. रोज सकाळी तुम्ही एक कोडं घालणार, त्याचं उत्तर घरात किंवा घराभोवती शोधायचं आणि प्रत्येकानं एकच फोटो काढायचा. जो जिंकेल त्याला पुढचा अख्खा रोल एकट्याला. अख्खा रोल! मला रात्री झोप लागेना.

रोल आईनं स्टेशनाजवळच्या स्टुडिओतून आणला. "त्याच्याकडूनच भरून घेऊ का?" तिनं विचारलेलं. तुम्ही दुखावल्यासारखे म्हणालात, "रोज एवढाली मशिनं उघडतो आणि लावतो. हे खेळणं मला भरता येणार नाही?" मग कॅमेऱ्याची इंग्रजी पुस्तिका आणि माझा शाळेचा शब्दकोश घेऊन तुम्ही रोल भरलात. झाकण टक्कन बंद झालं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी नंतर आरशात पुष्कळदा पाहिलंय. मीही सगळं असंच वाचून शिकलो.

तुमचा नियम एकच होता, पण पक्का. खटका दाबण्याआधी चारही कोपरे बघायचे. मधली वस्तू कुणालाही दिसते, कोपऱ्यात काय शिरलंय ते बघ. तर पहिलं कोडं: दिवसातून एकदाच उन्हात येते अशी घरातली वस्तू. मी सकाळभर कवडशाच्या मागे फिरतोय. कवडसा फरशीवरून भिंतीवर, भिंतीवरून मोरीच्या कठड्यावर, आणि मग तांब्याच्या बंबाच्या तोटीवर येतो. तेवढ्यात मी खटका दाबतो. ताई गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो काढून येते. "त्या दिवसभर उन्हात असतात, बाद!" मी म्हणतो. "मला दिसल्या तेव्हा एकदाच दिसल्या," ती म्हणते. एका दिवशी कोडं होतं, घरात न राहता घर चालवणारं माणूस. मी दारावर येणाऱ्या कोळीणबाईला गाठलं. पाटी उतरवून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझा फोटू कारतंस? आणि म्हावरा कोन इकंल, तुजा बापूस?" तुम्ही आतून म्हणालात, "बापूस लंगडा झालाय, मावशी, नाहीतर विकला असता." ती हसली तेव्हा मी खटका दाबला. त्या फोटोबद्दल मला फार अभिमान होता.

मग कॅमेऱ्यावर छत्तीस आकडा आला. रोल संपायला हवा होता. मी फिल्म पुढे नेणारी लिव्हर सरकवून पाहिली तर सरकली. सदतीस. मामा म्हणायचा, एखाददुसरा फोटो जास्त येतो कधी कधी, म्हणून आम्ही खूश. अडतीस आला, एकोणचाळीस आला. आई म्हणाली, "दुकानदाराकडून चुकून मोठा रोल आला असेल. बोलू नका कुठे." फुकटचे फोटो म्हणून सगळं घर एकदम उदार झालं. शेजारच्या आजींचा एक, मांजराचा एक. तुम्ही आईला म्हणालात, "तूही एक काढ की. स्पर्धेत धरू." आईनं आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नव्हता. तिनं पदराला हात पुसले, कॅमेरा घेऊन आत गेली, आणि दुपारी कधीतरी खटका वाजला. काय काढलं ते सांगेना. आकडा बेचाळीसवर गेल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली. "पुरे आता," तुम्ही म्हणालात. "धुवायला टाक."

आणायला मीच गेलो. स्टुडिओवाल्यानं माझ्यासमोर फिल्म उजेडाकडे धरली. इकडून तिकडे कोरी, आरपार. कडेचे छापील आकडे तेवढे होते. "रोल भरला कुणी?" त्यानं विचारलं. "आतल्या चाकाच्या दातांनी फिल्म पकडलीच नाही बाळा. तुम्ही लिव्हर ओढत होतात आणि हा पठ्ठ्या जागच्या जागी. आकडा काय, तो पुढे जातोच." मागची माणसं हसली. घरी येऊन मी ती पट्टी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती खिडकीकडे धरलीत, दोन्ही टोकांपर्यंत पाहिलीत, जणू मधे कुठेतरी एखादा असेल. ताई रडायला लागली. मला वाटलं, आता तुम्ही कॅमेऱ्याला नावं ठेवाल, स्टुडिओवाल्याला ठेवाल. आमच्या ओळखीचे सगळे बाप तेच करायचे. तुम्ही म्हणालात, "माझं चुकलं. मला भरता आला नाही." कुठल्याही मोठ्या माणसानं मुलांना असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तुम्ही आईला चहा टाकायला सांगितलंत. कप खाली ठेवून म्हणालात, "फोटो गेले. पण बघितलंत तर खरं ना? सांगा. निकाल आजच लावायचा." आणि आम्ही सांगायला लागलो. मी बंबाची तोटी सांगितली. "वरचा डावा कोपरा?" तुम्ही विचारलंत. "राखुंडीचा डबा, झाकण तिरकं." "खालचा उजवा?" "ओल्या पावलाची अर्धी खूण." मला सगळं येत होतं, बाबा, एकही कोपरा अडला नाही. कोळीणबाईच्या फोटोत मागच्या कठड्यावर कुणाचा टॉवेल होता, तेही सांगितलं. ताई अडखळली की ठोकून द्यायची. "तिथे मांजर होतं." "मांजर हललं?" "हो." "मग फोटो हलला. एक गुण कमी." आता मी जिंकल्यात जमा होतो. रोल माझाच होता.

"आणि तुझा गं?" तुम्ही आईला विचारलंत. ती दारात उभी. "राहू द्या हो, मी कसली स्पर्धेत." "काढलास ना? मग सांग." तिनं सांगितलं, "तुम्ही गवार मोडत बसला होतात. खाटेवर, ताट मांडीत घेऊन. शिरा न काढताच मोडत होतात." तुम्ही विचारलंत, "वरचा डावा कोपरा?" "कोपरे-बिपरे मला ठाऊक नाहीत. मधोमध तुम्ही होतात. दुपारची वेळ आणि तुम्ही जागे. लग्न झाल्यापासून असे दिसलाच नव्हतात, म्हणून म्हटलं, काढून ठेवावा." मग तुम्ही हळूच विचारलंत, "बनियन फाटकं होतं का गं त्यात?" "होतं." तुम्ही म्हणालात, "पहिला नंबर आईचा."

मी उठून उभा राहिलो होतो. कोपरे बघितले नाहीत म्हणजे नियम मोडला, एकाही कोपऱ्याचं उत्तर नाही, नंबर कसा! तुम्ही म्हणालात, "अपील कर." मी केलं, तुम्ही फेटाळलंत. पुढचा रोल आईला मिळाला. तुम्ही कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी तिनं तो स्टुडिओवाल्याकडूनच भरून घेतला. त्यातला तुमचा एक फोटो आज भिंतीवर आहे. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, श्वास धरलेला. आम्ही त्यालाच हार घालतो. मला ते तुम्ही वाटत नाही. मला दिसतं ते गवारीचं ताट. खरं तर तो खटका वाजला तेव्हा मी गच्चीवर होतो.

अपील तुम्ही कधी विसरला नाहीत. मी पहिला कॅमेरा घेतला तेव्हा, स्टुडिओ उघडला तेव्हा, शेवटी हॉस्पिटलात नाकात नळी असताना सुद्धा. "काय, अपील चालू आहे का अजून?" मी म्हणायचो, "चालूच आहे. निकाल चुकीचा होता." आणि तुम्ही हसायचात.

आई आता आतून विचारतेय, "कुणाला एवढं लिहितोयस रे?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं काम आहे. तिला हे वाचून दाखवणार नाही, आठवडाभर मिरवेल. कागद फाडून टाकीन बहुतेक. फक्त एवढं लिहून ठेवतो. निकाल बरोबर होता, बाबा, आणि तो तुम्ही दिलात तेव्हाच मला पटला होता. रोल हवा होता म्हणून भांडलो. नंतर तुम्हाला त्या अपिलाची मजा वाटायला लागली, म्हणून चालू ठेवलं.