ओला अभ्रा

३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. गाडी मजेत नाही.

लाँड्रीची जुनी पेट्रोल व्हॅन माझ्या गळ्यात पडली हे मागे लिहिलंच होतं. सकाळी गारठ्यात किल्ली अर्धी फिरवली की सुरू होते, अगदी शहाण्या मुलीसारखी. मग मी हॉटेलच्या चादरी टाकून इस्पितळाच्या मागच्या दाराशी जातो, इंजिन बंद करून दहा मिनिटं गाठोडी उतरवतो, आणि त्यानंतर ही बया सुरू व्हायचं नाव घेत नाही. स्टार्टर गरागरा फिरतो, इंजिन ढिम्म. अर्ध्या तासाने निवली की पहिल्याच फटक्यात चालू, जसं काही झालंच नव्हतं.

मंगळवारी त्या अर्ध्या तासात मागे अँब्युलन्स अडकली. आतल्या माणसाचा नुसता पाय मोडला होता, पण तो पूर्ण ताकदीने बोलत होता. मालकीणबाई म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर मी घरी जायचं.

बाबांना विचार. मी विचारलं असं सांगू नकोस.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ.

तुझं पत्र मी गॅरेजात मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, त्यांना ऐकायचं नाही. मी थांबले, तर म्हणाले थांबलीस का.

ते तुझ्याशी बोलत नाहीत, हे तुला कळवायला सांगितलंय. मात्र जेवताना समोरच्या भिंतीला त्यांनी सांगितलं, की ज्या कुणाची गाडी असेल त्याने ती अडल्या अडल्या प्लग काढून बघावा, ओला आहे की कोरडा. मग ठिणगी बघावी, निळी, पिवळी, की नाहीच. एका वेळी एकच गोष्ट करावी आणि कळवावं.

"एकच" म्हणताना आवाज चढला. डॉक्टरीणबाईंची गाडी आठवत असेल. तू एका दमात प्लग, वायरी, कार्बोरेटर, सगळं बदललंस, गाडी चालू झाली, आणि बिघाड काय होता असं बाबांनी विचारल्यावर म्हणालास, आता चालतेय ना. त्यांनी तुला बाहेर जायला सांगितलं. तू जरा जास्तच बाहेर गेलास. दीड वर्ष होईल.

वेळेवर जेव. आठवण ठेव.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

भिंतीला सांग, प्लग ओले निघाले. चारही. ठिणगी बघायची राहिली, कारण इस्पितळाचा वॉचमन कानाशी येऊन ओरडत होता आणि मला दोन्ही जमत नाही.

मग रविवारी बसलो आणि निकाल लावला. चारही प्लग नवे, पेट्रोलचा फिल्टर नवा, प्लगना ठिणगीची वीज पुरवते ती कॉइलही, भंगारवाल्याकडून एक बरी आणून टाकली. आज चार दिवस झाले, तापलेली असतानाही गाडी एका फटक्यात सुरू होते. वॉचमन आता सलाम करतो. बाबांना म्हणावं, प्रश्न मिटला, विचार करायची गरज नाही.

तू रागावली नसशील असं धरून चालतो.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ.

पत्र मी टेबलावर ठेवलं होतं. बाबांनी ते वाचलेलं नाही, फक्त त्यावर चष्मा विसरले होते.

संध्याकाळी म्हणाले, म्हणजे काय बिघडलं होतं ते त्याला अजून माहीत नाही. त्यानंतर दोन दिवस ते कुणाशीच बोलले नाहीत, भिंतीशीसुद्धा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जुने भाग परत घालायचे, रोज एक, आणि कोणता अडतो ते बघायचं. मी म्हटलं, त्याची नोकरी जाईल. ते म्हणाले, मग राहू दे, त्याला सवय आहे. गाडी चालली म्हणजे झालं, असं म्हणायची.

माझं ऐकशील तर हे करू नकोस. चालती गाडी हाताने बंद पाडायची याला काय म्हणायचं? त्यांचा निरोप लिहिला तो केवळ त्यांनी तीनदा विचारलं म्हणून, की लिहिलास का.

स्वतःला जप. बाकीच्यांना जपायला मी आहे.

ताई


२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

केलं.

सोमवारी जुने प्लग परत घातले. गाडी सुरू. मंगळवारी जुना फिल्टर. सुरू. त्या रात्री झोप नीट लागली नाही, कारण उरली कोण ते मला कळत होतं. बुधवारी जुनी कॉइल बसवली, इस्पितळात गेलो, आणि यावेळी गाडी अँब्युलन्सच्या वाटेपासून लांब, कचऱ्याच्या डब्यांपाशी लावली. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. ढिम्म. ताई, गाडी बंद पडल्यावर इतका आनंद झालेला ड्रायव्हर मी पहिलाच असेन.

प्लग काढून ठिणगी पाहिली. नाहीच. मग गाठोड्यातला एक अभ्रा नळाखाली भिजवून कॉइलवर गुंडाळला. पाच मिनिटांत गाडी सुरू! कॉइलच होती. तापली की मरत होती.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. वॉचमनने फोन केला होता. खराब भाग मीच घातला हे मी खरं सांगितलं. का, असं विचारलं. म्हटलं, वडिलांनी सांगितलं. वडील कुठे असतात, असं विचारलं. म्हटलं, लांब. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून कॉइलवरचा अभ्रा बघितला. मग म्हणाल्या, चांगली कॉइल लावून कामाला लाग, आणि तो अभ्रा हाताने धुवायचा, मशीनमध्ये नाही. डाग अजून निघालेला नाही. नोकरी आहे.

हे पत्र टेबलावर ठेवलंस तरी चालेल.

भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ताईच्या हातून माझे बोलणे लांबते, म्हणून स्वतः लिहितो. कॉइल बरोबर. अभ्रा मी सांगितला नव्हता. तो कुठून सुचला ते कळवावे.

दारात एक गाडी आली आहे. गरम झाली की सुरू होत नाही. ठिणगी निळी आहे. प्लग कोरडे आहेत. मी मनाशी एक ठरवले आहे, ते येथे लिहीत नाही. तुझे मत काय? उत्तर येईपर्यंत बॉनेट उघडणार नाही. गिऱ्हाईक रोज येऊन बसते. बसू दे.

बाबा


१४ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

लहानपणी मला ताप आला की ताई कपाळावर ओली पट्टी ठेवायची. माझं शिक्षण तेवढंच.

ठिणगी निळी आणि प्लग कोरडे, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. तापल्यावर नळीतच त्याची वाफ होत असावी. गाडी अडली की पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून बघा. एवढंच करायचं. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. काय झालं ते कळवा, मग पुढचं सांगतो.

भिंतीला नमस्कार सांगा. तिचे फार उपकार झाले.

तुमचा,
भिंगरी