मेजरला डॉक्टर पाहिजे

३ नोव्हेंबर, सकाळी
आज डाव्या अंगठ्याचं नख गेलं. मेजरनं नेलं. रक्त बनियनवर, पंचावर आणि सत्यशीलानं निवडून ठेवलेल्या तांदळावर. ती म्हणाली, आधी ते तांदूळ बाजूला करा. इथं नवऱ्याचा अंगठा लोंबायलाय अन् हिला तांदूळ सुचायलेत! असो. चावणं ही मेजरची सलामी आहे. आफ्रिकन ग्रे ही पोपटाची जात लय हुशार. सत्यशीलाला तो चावत नाही, सुलाबाई शेजारीण हातानं शेंगदाणा देते तिलाही नाही. फक्त मला. यावरून तो मालक कोणाला मानतो ते समजावं.

आमचे चिरंजीव सुगत जर्मनीला गेले आणि जाताना हा पक्षी सोनपेठला आमच्या गळ्यात बांधला. नाव काय तर म्हणे कोको. हे काय नाव झालं? मी मेजर ठेवलं. उभा जन्म हायस्कूलवर पी. टी. शिकवली, वांड वांड पोरं सुतासारखी सरळ केली, तिथं हा पोपट काय चीज आहे! पहाटे शिट्टी. मग सावधान, विश्राम. चुकला की पिंजऱ्यावर छडी. छडी पिंजऱ्याला लागते, पक्ष्याला नाही. मी काय राक्षस नाही.

अडचण एकच. मेजर स्वतःच्या छातीची पिसं उपटायलाय. छाती सोललेल्या कोंबडीसारखी झालीय आणि आज तिथं रक्त दिसलं. खाणंही कमी. सुगतला कळवलं नाही. पक्षी मेला तर पोराला तोंड काय दाखवू? तसा तो फोन आईलाच करतो.

संकल्प: जिल्ह्यातले जनावरांचे सगळे डॉक्टर स्वतः तपासायचे. प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिला येईल त्याच्याकडंच मेजरचा इलाज. उगाच कोणाच्याही हातात द्यायचा नाही.

४ नोव्हेंबर
मोबाइलवर शोधलं. परदेशी पक्ष्यांचा डॉक्टर, माझ्या जवळ. पहिलं नाव आलं ते खत-बियाण्याचं दुकान. दुसरा नंबर लागेना. तिसऱ्यानं उचलला आणि विचारलं, किती लिटर देते? मी म्हणालो, पोपट आहे. तो म्हणाला, मग गाभण राहिली का बघा. फोन भिंतीवर आपटला. काच गेली. पहाटेच्या शिट्ट्या वाढवल्या, मेजरला उत्साह यावा म्हणून.

६ नोव्हेंबर
डॉक्टर पहिला. सरकारी दवाखाना. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाची बदली व्हायची.

म्हशी, बैल, शेळ्या यांची ही लाइन. मी पिंजरा घेऊन सरळ पुढं गेलो. दारात बिरू नावाचा मेंढरंवाला, त्याची बायको कासाबाई आणि एक दांडगा एडका. बिरू म्हणाला, सर, लाइनीनं या की. मी म्हणालो, हा आफ्रिकेचा पाहुणा आहे. कासाबाई म्हणाली, मग आमचा काय उकिरड्यावर सापडलाय व्हय? मी बिरूच्या छातीवर हात ठेवून त्याला फक्त बाजूला केलं. त्यानं माझी फक्त कॉलर धरली. दोन बटणं गेली. मी एक ठेवून दिली, त्यानं दोन परत केल्या. मग सवयीनं मी शिट्टी फुंकली.

एडक्याला शिट्टी मानवली नाही. त्यानं मागं जाऊन जी धडक दिली ती मांडीच्या वर बसली आणि मी थेट खोड्यात जाऊन पडलो. खोडा म्हणजे ती लाकडी चौकट, इंजेक्शन देताना म्हैस आत उभी करतात ती. कम्पाउंडर बिचारा कामाच्या नादात, पाठमोरं कोणीतरी आत आलं म्हणताना त्यानं मागचा आडवा दांडा लावून टाकला. बाहेर काढायला बिरूच आला. हसत होता हरामखोर.

डॉक्टर म्हणाले, कानातला बिल्ला दाखवा, त्याशिवाय नोंद होत नाही. मी म्हणालो, ह्याला कान दिसायलेत का तुमाला? ते म्हणाले, मग मी कॉम्प्युटरला काय सांगू? तरी माणूस भला, पिंजऱ्यात हात घातला. मेजरनं बोट असं धरलं की सोडवायला दोघं लागले. डॉक्टर ओरडले ते ऐकून बाहेरचा बैल दावं तोडून पळाला. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतःच घेतलं आणि मला म्हणाले, माफ करा सर, हे आमच्या शिकण्यात आलंच नाही.

गुण दोन. दोन्ही खोड्याच्या मजबुतीला.

१० नोव्हेंबर
बसता येत नाही. उभ्यानं जेवतोय. सत्यशीला विचारत होती, शिट्टी थोडे दिवस बंद ठेवून बघायची का? तिला समजावलं की शिस्त ही चपाती नाही, मधे तव्यावरून उतरवायला. ती काही बोलली नाही. हिचं हे बरं आहे, पटलं की गप्प बसते.

मेजर आज उजव्या करंगळीला चावला. हाड दिसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
डॉक्टर दुसरा. तात्याराव. कोंबड्यांच्या शेडवाल्यांचे डॉक्टर, मोटारसायकलवर घरपोच. पिंजऱ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, काही नाही, चोच डागावी लागंल. शेडमधी कोंबड्या पिसं उपटायला लागल्या की तेच करतात. तापलेल्या पात्यानं चोचीचं टोक उडवायचं, विषय खलास.

मला पद्धत एकदम पटली. मुळावरच घाव!

सत्यशीला वंदनेला विहारात गेली होती. तात्यारावांनी मशीन लावलं, पातं लाल झालं. मी मेजरला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. अंगात काहीच राहिलं नव्हतं त्याच्या, पण काळीज असं धडधडत होतं की माझ्या बरगड्यांना लागत होतं. मी तोंड त्याच्यापाशी नेऊन म्हणालो, मेजर, सावधान. त्यानं मान फिरवली आणि माझ्या कानाची पाळी धरली. धरली आणि फाडली. मी तात्यारावांवर आदळलो, पातं माझ्या मनगटाला चिकटलं, कातडं जळाल्याचा वास सुटला, तात्याराव बोंबलले की हलू नका, मी बोंबललो की तुमी हलू नका.

तेवढ्यात दारात सत्यशीला. पांढरी साडी, हातात फुलं उरलेली. फुलं खाली टाकली, खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि पहिला घाव मशीनवर. ठिणग्या उडाल्या. दुसरा तात्यारावांच्या हातावर. ते मशीन, बॅग, चप्पल सगळं टाकून पळाले. तिसरा घाव वर गेलेला होता आणि समोर मीच होतो. मी दोन पावलं मागं घेतली. डावपेच म्हणून.

ती म्हणाली, चोच गेल्यावर खाईल कशानं तो? चढंल कशानं? कापायचंच असंल तर तुमचं नाक कापते आधी. लग्नापासून पहिल्यांदा हिचा आवाज गल्लीपर्यंत गेला. सुलाबाई पळत आली आणि टॉवेलातनं पक्षी तिनं काढून घेतला. तिला चावला नाही. माझं रक्त पिऊन पोट भरलं असावं.

गुण: तात्याराव सात. पद्धत चांगली, पण पळपुटा माणूस.

१८ नोव्हेंबर
कानाला टाके. स्टँडवर त्या सरकारी दवाखान्याचा कम्पाउंडर भेटला. कान निरखून बघितला आणि म्हणाला, सर, आता बिल्ला बसवायला जागा झाली की. मी हात उचलला, पण मनगट भाजलेलं असल्यानं सोडून दिला. नशीबवान निघाला.

बत्ता परत खलबत्त्यात आला नाही. सत्यशीलाच्या उशीशी असतो. मी विचारलेलं नाही.

२१ नोव्हेंबर
मेजर पिंजऱ्याच्या तळाला बसून आहे. दांडीवर चढत नाही. शिट्टी मारली, मान वळवली नाही. बोट आत घातलं, चावला नाही. चोचीपाशी नेलं, तरी नाही. डोळे अर्धे मिटलेले. छातीवर खपली, खपलीवर परत ओरखडे.

पोपट मेला तर लोक काय म्हणतील, सुगत काय म्हणेल, हे सगळं खरं. पण इथं वाचायला कोण येतंय, म्हणून लिहितो. मला तो पाहिजे. चावू दे, कान नेऊ दे, दुसराही ने म्हणावं. घरात मी दिसलो की काहीतरी करणारा तेवढा एकच जीव आहे.

सत्यशीलानं पिंजरा स्वयंपाकघरात नेला. आतून कडी लावली. डाळ भरवत होती म्हणे. दार ठोठावलं, उघडलं नाही. लाथ घातली. दार शाबूत, अंगठा सुजला.

२२ नोव्हेंबर
डॉक्टर तिसरी. परभणी. डॉ. सुकेशनी. कुत्री, मांजरं, पक्षी सगळं बघते. पत्ता सत्यशीलानं सुगतकडून काढला, माझ्या पाठीमागं. म्हणजे सुगतला सगळं कळलेलं आहे.

पोरगी लहान, पण हात मऊ. मेजर तिला चावला नाही, हे मला तेव्हाच संशयास्पद वाटलं. तपासलं, रक्त काढलं, नळीनं औषध पाजलं. म्हणाली, कातडीला रोग नाही, जंत नाहीत. घरी दिवसभर काय काय चालतं? मी सांगायला लागलो, तर सत्यशीलाच बोलायला लागली. पहाटेची शिट्टी. छडी. सावधान. मी खोलीत आलो की पक्षी कसा अंग चोरतो. मी बाहेर गेलो की कसा अंग सैल सोडतो. कुठल्या पावलाला घाबरतो, कुठल्या खोकल्याला. इतकं सगळं हिनं बघितलं कधी? इतकं बोलताना मी हिला ऐकलं नव्हतं.

डॉक्टरीण मला म्हणाली, सर, जरा बाहेर थांबता का? काचेतून बघितलं. मेजरनं सत्यशीलाच्या हातातनं शेंगदाण्याचा तुकडा घेतला. खाल्ला! मला आत बोलावलं. तुकडा पडला आणि चोच छातीवर गेली. परत बाहेर. परत शेंगदाणा. परत आत. परत रक्त.

ती म्हणाली, ह्याला आजार न्हाई सर, ह्याला धाक आहे.

मी म्हणालो, धाक हा आजार कधीपासून झाला? धाकावर शाळा चालली, धाकावर घर चाललं! आणि टेबलावर मूठ मारली. टेबल काचेचं निघालं. डॉक्टरीण शांतपणे माझ्या तळव्यातनं काचा उपसत बसली. म्हणाली, पट्टी जनावरांचीच आहे, चालंल ना? सत्यशीला खिडकीबाहेर बघत होती. पट्टीचं तिनं विचारलंसुद्धा नाही.

हुकूम झाला: पक्षी काही दिवस माझ्यापासून लांब. शिट्टी, छडी बंद.

गुण एक. बाईनं बाईची बाजू घेतली, दुसरं काही नाही.

२३ नोव्हेंबर
सत्यशीला मेजरला घेऊन वालूरला गेली. तिची बहीण धम्मशीला तिथं राहते. तात्पुरतं आहे. मी म्हणालो, पक्षी ठेव आणि संध्याकाळच्या गाडीनं परत ये. ती म्हणाली, त्याला माझी सवय झालीय. पिशव्या चार दिसल्या. पक्ष्याला चार पिशव्या कशाला लागतात?

३० नोव्हेंबर, रविवार
वालूरला अचानक तपासणी. डॉक्टरचं ऐकायचं म्हणून शिट्टी घरी ठेवली. म्हणजे मीही बदलतोय.

दारात साडू सिद्धोधन. आडवा उभा. म्हणाला, किशनराव, चहा वट्ट्यावर घ्या, आत नका जाऊ. मी म्हणालो, माझा पक्षी, माझी बायको, तू कोण रे? त्यानं परत तेच म्हटलं. मी त्याला ढकललं. त्यानं मला ढकललं. त्याचा चष्मा गेला, मी त्याचा दंड चावला. हो, चावलो, हात पट्टीत असल्यावर माणूस काय करणार? दोघं गडगडत शेणाच्या ढिगात. माझा बसवलेला दात तिथंच कुठंतरी आहे. गल्ली जमा झाली. एक जण शूटिंग घ्यायलता.

त्या सगळ्या गदारोळात आतनं कोणीतरी हसल्याचा आवाज आला. पोपटाच्या कसल्यातरी खोडीला असावं, आतल्या खोलीत बाहेरचं काही ऐकू जात नाही. लय मोकळं हसणं. मला वाटलं, धम्मशीला. पण धम्मशीला तर माझ्या केसाला धरून मला सिद्धोधनच्या अंगावरनं ओढायली होती.

मग मीच उठलो. अंगावरचं शेण झटकलं आणि स्टँडवर आलो. गाडीत शेजारी कोणी बसलं नाही.

७ डिसेंबर
काल सहा डिसेंबर. विहारात एकटाच गेलो. लोकांनी सत्यशीलाचं विचारलं. सांगितलं, पक्ष्याच्या इलाजाला गेलीय.

आज दुपारी तिचा फोन आला. मेजरच्या छातीवर कापसासारखी नवी पिसं आलीत. खातो, आंघोळ करतो, दिवसभर कोणाच्यातरी खांद्यावर असतो. मी म्हणालो, बघ, माझी प्रकृती आहे त्याची, काटक.

मग म्हणाली, परवा परभणीला गेल्ते तर मी बी दाखवून आले. माणसांच्या डॉक्टरला. माझं बीपी उतरलंय. गोळी अर्धी केली त्यांनी. रात्री झोप लागायली. मी म्हणालो, तुला बीपी कधीपासून? म्हणाली, लय वर्षं झाली.

मी विचारलं, मग येतेस कधी? म्हणाली, डॉक्टर म्हणालेत, इतक्यात परत जायचं न्हाई.

मी विचारलं, कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? पोपटाच्या का तुझ्या?

म्हणाली, दोघांनी बी.

मी बरं म्हणालो.