नरडाण्याची शेड आणि उचलता पाता

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

मी, वच्छलाबाई प्रेमराज भदाणे, वय वर्षे त्र्याहत्तर, काम घरकाम, शिक्षण जुनी मॅट्रिक, राहणार देवपूर, धुळे, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते लिहून ठेवते. चित्त ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून दोन्ही डोळ्यांनी नीट वाचता येते. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून वळवलेलेही नाही. हल्ली गोड बोलायला घरात कोणी नसते. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात नावे भरायला जागा होती, कारणे लिहायला नव्हती. म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कायद्याचे शब्द त्यांनी तपासले आहेत, बाकीचे माझे आहेत.

माझ्या नावावर जे आहे ते माझे यजमान कै. प्रेमराज कौतिक भदाणे यांनी स्वतःच्या कमाईतून केले व त्यांच्या मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावे केले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. आम्हाला मुलगा एकच, चि. भूपेंद्र. तो पुण्यास असतो. सूनबाई सौ. पुनम.

हे लिहिण्याचे खरे कारण नरडाण्याची शेड, म्हणजे यजमानांचा लहान कारखाना, आहे. भूपेंद्रला ती विकायची आहे. मला ती तिथले वेल्डर हारुन व त्यांची मुलगी निलोफर यांना द्यायची आहे, कारण त्यांचे हात तिच्यात चालू आहेत. भूपेंद्र म्हणाला आहे, "शेड त्यांना दिलीस तर मला आई नाही असं मी समजेन." हे पूर्ण समजून मी पुढीलप्रमाणे लिहीत आहे.

कलम १. देवपूरचे राहते घर, जागेसह, चि. भूपेंद्रला. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मागच्या दाराची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी. नुसती ओढली तर चौकट हलते. पाण्याची टाकी वैशाखात आतून घासून घ्यावी. माडीवरची खोली रोज झाडलेली आहे. तिथे कोणी राहत नाही, पण सकाळी हातात झाडू आला की पाय आपोआप वर जातात.

कलम २. बँकेतील ठेवींपैकी अर्धी रक्कम भूपेंद्रला. उरलेल्या अर्ध्यातून शेडच्या नावबदलाची फी भरावी, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या कचेरीत हारुनला हात जोडत बसावे लागणार नाही. त्यातून जे उरेल तेही भूपेंद्रचेच.

कलम ३. सोन्याची पोत, पाटल्या, आणि देवघर, कानबाईच्या चांदीच्या नथीसह, सौ. पुनमला. पाटल्या मोडून नवीन घडणीचे काही करायचे असेल तर करावे, मला राग नाही. नथ मोडू नये. पुण्यात कानबाई बसवणे जमले तर बसवावी. न जमल्यास नथ तिच्या लेकीसाठी ठेवावी व वर्षातून एकदा तिला सांगावे की ही कशाची आहे. स्टीलची भांडी आहेत तितकी पुरेत, नवीन घेऊ नयेत.

कलम ४. नरडाणा औद्योगिक वसाहतीतील शेड, भाडेपट्ट्याच्या हक्कासह, तिच्यातील लेथ, वेल्डिंगची यंत्रे, शिसे वितळवायची भट्टी, लाकडी साचे, आणि यजमानांनी काढलेले नौकेच्या पात्याचे सर्व नकाशे, हे शेख हारुन शेख रसूल व त्यांची मुलगी कु. निलोफर यांना समाईक, समभागाने.

वाचणाऱ्याला वाटेल, धुळे जिल्ह्यात नौकेचे काय काम. आम्हालाही तेच वाटत असे. यजमान वरणगावच्या आयुध कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. एकदा कामानिमित्त मुंबईकडे गेले असता ओहोटीच्या खाडीत त्यांनी एक शिडाची नौका चिखलात कुशीवर पडलेली पाहिली. "आजारी म्हैस बसल्यासारखी," असे त्यांनी घरी येऊन सांगितले. अशा नौकेच्या पोटाखाली पाण्यात शिसे ओतून जड केलेला एक पाता उभा असतो, त्याला कील म्हणतात. तो असतो म्हणून वारा नौकेला आडवे ढकलत नाही, उलटवत नाही. पण त्याच्यामुळेच ती उथळ पाण्यात टेकते. यजमानांच्या मनाने घेतले, की हा पाता पाहिजे तेव्हा पोटात ओढून घेता आला पाहिजे. असे पाते परदेशात केव्हाच झालेले आहेत, हे त्यांना नंतर कळले. वाईट वाटले नाही. म्हणाले, "म्हणजे होऊ शकतं."

निवृत्तीनंतर शेड घेतली. हारुन वेल्डर, शेजारच्या कारखान्यातली नोकरी सोडून यांच्याकडे आला. जमाखर्च मी घरी लिहीत असे, त्यामुळे पिन, कप्पी, तारदोर, शिसे हे शब्द माझ्या वहीत तूरडाळीच्या खाली येत. यजमानांचे चुलतभाऊ मोतीलाल भाऊजी शेडच्या दारात उभे राहून म्हणत, "प्रेमराज, नरडाणाले समुंदर कधी उना रे भो?" यजमान कानस न थांबवता म्हणत, "समुंदर येस नही भो. आपलेच जानं पडस."

पहिला पाता केला तो रुपचंद शेठसाठी. ते मूळ धुळ्याचे, राहायला मुंबईत, आणि त्यांची नौका ओहोटीला त्यांच्याच बंगल्यासमोरच्या खाडीत अडकत असे. चाचणी तापीवर घेतली, सुलवाड्याच्या बंधाऱ्याच्या पाण्यात, एक लहान नौका जुळवून. तापीचे पाणी गढूळ. पाता ज्या पेटीत वर सरकतो तिच्यात गाळ बसेल म्हणून यजमानांनी पाण्याचा झोत मारणारी नळी बसवली. पाता आणि पेटी यांच्यात फट अगदी थोडी ठेवली, म्हणजे लाटेवर खडखड होणार नाही. हँडल फिरवले की पाता विहिरीत बादली उतरावी तसा उतरे, तसाच वर येई. काठावर माणसे जमली होती. मी मुडावदच्या कपिलेश्वराला अभिषेक केला.

त्या पावसाळ्यात शेठची नौका पाता वर घेऊन खाडीत उभी होती. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, "प्रेमराजभाऊ, पाता खाली उतरत नाही." यजमान, हारुन आणि मी गेलो. समुद्र मी तेव्हाच पाहिला, तोही खाडीच्या तोंडातून. एका कोळ्याने बुडी मारली, पेटीच्या फटीतून मूठभर काहीतरी खरवडून आणले आणि यजमानांच्या तळहातावर ठेवले. बारीक शिंपल्या, धारदार, जिवंत. पावसाळाभरात त्यांनी फट गच्च भरून टाकली होती.

"काका, तुमच्या नदीत लोखंडाला काय धरत नाय का?" तो हसत म्हणाला.

यजमान हसले नाहीत. परतीच्या गाडीत म्हणाले, "गाळाचा विचार केला. जिवांचा केला नाही." तापीकाठच्या माणसाला हे सुचणार कसे, असे मी म्हटले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

निलोफर तेव्हा धुळ्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होती. तिने नकाशा संगणकावर घेतला. यजमान, तिचे नाना, फट वाढवायला तयार नव्हते.

"नाना, फट वाढवा. खडखड मी बघते."

"तू बघशील, अन् मी काय कानात कापूस घालू?"

"घाला. जरा शांत तरी बसाल."

हारुन मध्ये पडे, मग दोघे मिळून त्यालाच बोलत. कित्येकदा दोघांचा अबोला चाले आणि निरोप हारुनमार्फत जात. शेवटी तिने वाढवलेल्या फटीत दोन्ही बाजूंनी नायलॉनच्या पट्ट्या बसवल्या. नौका पाण्यात असतानाच त्या वरून उपसून काढता येतात, शिंपल्या खरवडून परत घालता येतात, आणि पाता खडखडतही नाही. यजमानांनी तो नकाशा खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग डाव्या कोपऱ्यात आपली सही केली आणि उजव्या कोपऱ्यात तिला करायला लावली. तो पाता समुद्रात उतरलेला त्यांनी पाहिला नाही. त्याच माघात ते गेले.

तो पाता चालतो. त्यानंतर केलेलेही चालतात. कोकणातल्या नौका बांधणाऱ्यांकडून कामे येतात आणि बापलेक ती करतात. भूपेंद्रला हे मी कळवत असते, पण त्याला प्लॉटचा भाव कळवणारे दुसरे आहेत. तो म्हणतो, "बाबांनी आयुष्यभर जमिनीवर नाव चालवली, आई. माझ्यापेक्षा त्या पात्याला जास्त हात लावला." हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे मला माहीत आहे, पण ते लिहून पटत नसते.

कलम ५. शेड त्याच दोघांना का, याबद्दल पुढे वाद होऊ नये म्हणून लिहिते.

आमच्यात श्रावणात कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, करायचा. तो घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचा. बाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. यजमान गेल्यानंतरच्या श्रावणात मी एकट्या भूपेंद्रच्या नावाने गहू घेतले. त्याला रजा नव्हती. भाऊबंदांच्या घरी त्यांचे त्यांचे रोट होते. मी एकटीने खाल्ला, सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा, शेवटी ताकात भिजवून. देवीचे अन्न जड गेले असे म्हणू नये. पण समोरचा पाट रिकामा होता आणि मी बोलत कोणाशीच नव्हते.

पुढच्या श्रावणात भूपेंद्रची मूठ घेतल्यावर मी आणखी सव्वा मूठ हारुनच्या नावाने घेतली. कानबाईच्या समोर घेतली, लपून नाही. दिवा होता तसाच तेवत राहिला. दुसऱ्या दिवशी हारुन शेडच्या कागदावर माझी सही घ्यायला आला, तेव्हा त्याला पान वाढले. तो उभाच राहिला.

"अक्का, हाऊ रोट तं घरनाच लोके खातस ना?"

"मंग तू काय बाहेरना शे का?"

तो हात धुऊन आला, टोपी नीट केली आणि बसला. पानात काही ठेवले नाही. निलोफरसाठी बांधून दिला तो तिने शेडवर खाल्ला आणि मला फोन करून विचारले, "अक्का, यात वेलची घातली असती तर चालली असती का?" चालली नसती, असे मी सांगितले.

ही गोष्ट मोतीलाल भाऊजींनी पुण्याला पोचवली. भूपेंद्रचा फोन आला. एरवी मला करावा लागतो.

"आई, रोट बाहेर दिलास?"

"बाहेर नाही दिला."

"मग हारुनकाका कोण?"

"त्यांच्या नावाची मूठ होती."

"असं कर, उद्या शेडही देऊन टाक!"

तोपर्यंत शेडचे माझ्या मनात नव्हते. ते त्याने घातले. नंतर मी पुष्कळ विचार केला. ज्याच्या नावाने देवीपुढे मूठ घेतली, त्याला वाट्याच्या वेळी तू कोण असे विचारणे मला जमणार नाही.

कलम ६. मोतीलाल भाऊजींना काहीही देऊ नये. यजमानांच्या तेराव्याला त्यांनी पंगतीत सर्वांदेखत म्हटले होते, "आता तं ते लोखंड भंगारमा घाला." माझ्या तेराव्याला मात्र त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे व खीर आग्रहाने वाढावी. ते नाही म्हणत नाहीत.

कलम ७. अंत्यविधी साधा करावा. हार एकच पुरे. नवी साडी आणू नये, निळ्या काठांची आहे ती चांगली आहे व कपाटात वरच आहे. अग्नी भूपेंद्रने द्यावा. तो पुण्याहून निघाला असेल तर कितीही उशीर होवो, थांबावे. निघाला नसेल तर थांबू नये. त्या दिवशी शेड बंद ठेवू नये. शिसे ओतायचे ठरलेले असेल तर ओतावे. भट्टी तापवून विझवणे म्हणजे कोळसा वाया.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्था वकील श्री. दीपक वाणी यांनी पाहावी.

कलम ९. हे मी लपवून ठेवणार नाही. मागच्या रविवारी भूपेंद्रला फोन लावला आणि पहिल्यापासून वाचून दाखवले. पाचव्या कलमाशी मला वाटले फोन कटला. "आहेस ना रे?" म्हटले, तर म्हणाला, "आहे. वाच." सगळे संपल्यावर म्हणाला, "म्हणजे तू ठरवलंच आहेस."

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाही रे. मी गेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून सांगते."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर मी केला नाही, त्याचाही आलेला नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, पोराने असं केलं, घराच्या कलमाचा पुन्हा विचार करता का?" नाही. घर त्याचेच आहे. रागाने लिहायचे असते तर मी एवढी पाने खर्च केली नसती.

त्यांना एवढेच सांगितले, की साक्षीदारांच्या सह्यांच्या खाली भूपेंद्रसाठी एक ओळ सोडा. कायद्यात तिची गरज नाही, असे ते म्हणाले. मला आहे. त्याला शेड पटली असे त्याने लिहू नये. वाचले, एवढ्यापुढे सही केली तरी पुरे. माझ्या हयातीत केली तर मला दिसेल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन साक्षीदारांच्या समोर खाली सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण : धुळे
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) वच्छलाबाई प्रेमराज भदाणे

साक्षीदार :
१. (सही) उखर्डू नथ्थू माळी, राहणार देवपूर, धुळे
२. (सही) इंदिराबाई मोहन शिंपी, राहणार देवपूर, धुळे

वाचले : भूपेंद्र प्रेमराज भदाणे ______________