पप्पांच्या जिमची हजेरी

उत्कर्षा,

शिफ्टवरून आलीस की आतून कडी लाव. चहा थर्मासमध्ये आहे. पप्पा आत झोपलेत, त्यांना उठवू नकोस.

त्यांच्या जिमच्या फीवर करात सूट मागायची होती ना? करसल्लागार म्हणाले, "पगारदाराला ती मिळत नाही, वहिनी." चाकणच्या गोदामात दिवसभर खोकी उचलायला कंपनीला दणकट पाठ हवी, पण सरकारच्या लेखी ती आपल्या माणसाची हौस! पुरावा म्हणून मी जिममधून हजेरीची यादीसुद्धा आणली होती. ती काल नीट वाचली. मणका सरकल्यापासून दोन महिने पप्पांना मोरीपर्यंतही मीच धरून नेते. तरी यादीत रोज सकाळी सहाला त्यांचा अंगठा उमटलाय.

आत्ता जिमवाल्या धनेशचा फोन आला. "काकू, काका आलेत. हल्ली बोलत नाहीत, पण वजन दुप्पट उचलतात." तेव्हा मी पप्पांच्या पायांवर पांघरूण सारखं करत होते.

बघून येते. तू घाबरू नकोस, मी दोघींपुरती घाबरलेय. मी एकटी आले तरच दार उघड. माझ्याबरोबर पप्पा दिसले, तर कडी काढू नकोस.

आई