तिसऱ्या बाटलीनंतर

सोमवार, ३ फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज दुपारी ऑफिसच्या जिन्यात, ती "बाबांचं दुखणं परत आलं" म्हणाली त्या क्षणी.

आमच्या खालच्या मजल्यावर रक्ताची लॅब आहे, तिथे ती काम करते. स्वतःच्या बापाचं रक्त स्वतःच्या हातानं तपासलं पोरीनं! हिपॅटायटिस सी, लिव्हरचा आजार. तीन महिने गोळ्या घेतल्या, रिपोर्ट स्वच्छ आला. बाबा तर त्या खुशीत नवे बूट घेऊन आले होते! आणि आता पुन्हा. डॉक्टर म्हणाले, "त्याच गोळ्या देण्यात अर्थ नाही. अशा पेशंटसाठी नवीन औषध तयार होतंय. चाचणी सुरू झाली की यांचं नाव घालू."

मी म्हटलं, "होईल गं सगळं नीट." तिनं माझा हात धरला. पहिल्यांदा! तिचा बाप आजारी, आणि मी नालायक मनातल्या मनात नाचत वर गेलो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवीन औषध म्हणजे आमच्याकडचंच की! आम्ही बनवत नाही. कंपनी बनवते. त्याला बाजार किती, ते कंपनीला आम्ही सांगतो. गिऱ्हाईक पुरेसं असलं तर कंपनी पुढे जाणार, नाहीतर गाशा गुंडाळणार. तो अहवाल माझ्याच टेबलावर आहे, पुढच्या बुधवारी द्यायचाय.

आनंदानं उघडला. पहिल्याच पानाशी थांबलो.

औषधांच्या दुकानांतले आकडे मी मांडलेत. गोळ्यांच्या तीन बाटल्या, महिन्याला एक. तिसरी नेली आणि माणूस परत फिरकला नाही, की तो बरा — हा नियम माझा! अर्ध्यात कॉलेज सोडलेल्या पोराला सुचला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली होती. "हे एकच असं दुकान, जिथे माल चांगला निघाला की गिऱ्हाईक परत येत नाही" — हे वाक्यही माझंच. साहेबांनी ते पहिल्या पानावर टाकलंय.

पण ज्याचा आजार उलटला, तोही परत येत नाही! कशाला येईल? गोळी चालतच नाही त्याला. म्हणजे माझ्या हिशोबात तिचे बाबा ठणठणीत. त्यांच्यासारखे सगळेच ठणठणीत. आणि नवीन औषध हवंय ते नेमकं त्यांनाच! अहवाल म्हणणार, गिऱ्हाईकच नाही. शाबास रे पठ्ठ्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं नाही. वहिनी म्हणाली, "काय भावोजी, लग्न ठरलंय की फाशी?" ताट सरकवून उठलो. उगाच तिच्यावर ओरडलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तिच्या घरी गेलो होतो. "या बाजारवाले!" बाबा म्हणाले. "आमच्या लिव्हरला आज काय भाव?"

ती म्हणाली, "भंगारात घालायचंय का, बाबा?" दोघं खो खो हसली. मीही हसलो. हसलोच!

पत्ते खेळलो. ते मुद्दाम हरत होते, मला कळत होतं. मधेच म्हणाले, "ते नवीन औषध येतंय ना रे? तुला आतली खबर असेल."

"येईल बाबा, नक्की येईल."

जीभ कशी झडली नाही माझी! मान खाली घालून पानं पिसत बसलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, नियम चुकलाय. ते म्हणाले, "अरे, अशी माणसं किती? शंभरात चार-पाच! आता अहवालाला हात लावायचा नाही."

"साहेब, ते चार-पाचच तर बाजार आहेत! बाकीचे बरे झाले, ते कशाला घेतील नवीन औषध?" चांगलाच आवाज चढला माझा. सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं.

"लॅबवाली भेटल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही."

हात उगारला नाही, एवढंच. मनात उगारलाच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. साहेबांनी माझं ते वाक्य वाचलं, बाई हसल्या. मी उभा राहिलो. "मॅडम, ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे." सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "ही माणसं दुकानांत नाही सापडायची. डॉक्टरांकडे जाऊन मोजा. तोवर आम्ही काही ठरवत नाही."

साहेब त्यांना दारापर्यंत हसत सोडून आले. मग मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेली — आणि मी शीळ घालत जिना उतरलो! उद्या तिला सांगणार. ऐकून ती... जाऊ दे, लिहीत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तिच्या घरी जाऊन सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात, मंगळवारी."

"म्हणजे शनिवारी माहीत होतं." ती म्हणाली. "तू गेल्यावर बाबा त्या भरवशावर पोटभर जेवले रे. कित्येक दिवसांनी."

आतून बाबांची हाक आली, "कोण आहे गं? बाजारवाले का?"

"कोणी नाही, बाबा."

मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.