खिळ्यावरचा नान

३ सप्टेंबर, मंगळवार

मेहरंगेजने फोनवर बजावलं — "आई, रोज काय काढलंस ते लिहून ठेव. नाहीतर तू नुसतं या खोलीतलं त्या खोलीत हलवशील." म्हणून ही वही. लेक मॉन्ट्रियलला, घर विकलं गेलंय, विमान एकोणीसला. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. ताजिकिस्तानातल्या या खुजंदमधली एकेचाळीस वर्षं त्यांत बसवायची. जन्मभर भूमिती शिकवली मी — नाही बसत!

५ सप्टेंबर

लग्नातल्या सोळा गाद्यांपैकी चौदा वाटल्या. ह्यांचा कोट मशिदीत दिला. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी खिशात जर्दाळूच्या बिया निघाल्या.

शेजारची ओयदिना-आपा दिवसभर दारात. "मास्तरीणबाई, दोन-दोन चहादाण्या कशाला? तिकडे पाणी उकळत नाही का?" एक बाहेर काढली.

मग म्हणते, "नान कधी चावणार?"

"परत यायचंच नाही, तर चावायचा कशाला?"

तिने विषय सोडून चहादाणी पुसायला घेतली. तिला विषय सोडताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

८ सप्टेंबर

काही काढलं नाही. नुसत्या येरझाऱ्या. स्वयंपाकघरात दहादा गेले. दहाही वेळा पाणी प्यायले.

९ सप्टेंबर

लिहूनच टाकते. स्वयंपाकघरात खिळ्याला कापडी पिशवी आहे. तिच्यात शुहरतचा, माझ्या मुलाचा, नान. आमच्याकडची रीत — लांब जाणाऱ्याने नानाचा एक घास चावायचा, उरलेला भिंतीवर त्याची वाट बघतो, परत आल्यावर तो त्यानेच संपवायचा. अकरा वर्षं झाली. मुलाने शेवटच्या वर्षात कॉलेज सोडलं, रशियात भिंती बांधायला निघाला. मी म्हणाले, "डिग्री घेऊनच या दारात ये." ह्यांनी उंबऱ्यावर त्याच्या तोंडापुढे नान धरला. मी आत वह्या तपासत होते. उठले नाही.

तेव्हापासून पिशवीला हात लावलेला नाही. टाकता येत नाही, नेता येत नाही. आणि घरच राहणार नाही, तर तो येणार कुठे?

१२ सप्टेंबर

नवी मालकीण भिंती मोजून गेली. पोरसवदा, चुणचुणीत. खिळ्याकडे बोट दाखवून, "खाला, हे तेवढं काढाल ना? रंग द्यायचाय."

काढीन म्हणाले. आवाज नको तितका चढला. ती बिचारी सॉरी म्हणाली!

१४ सप्टेंबर

काढली पिशवी. नान दगडासारखा. एक घास कमी. मधे भट्टीवाल्याचा ठसा — वर्तुळात सहा पाकळ्या.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीला नान द्यायचा म्हातारा इस्माइल. त्याचा ठसा नुसत्या टिंबांचा. सहा पाकळ्या सत्तोरच्या, आणि सत्तोरची भट्टी सुरूच झाली पाच वर्षांपूर्वी. तीनदा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं.

तशीच अनवाणी आपाकडे गेले. पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. ती कोथिंबीर निवडत होती, हात थांबला.

"चार वर्षांपूर्वी आला होता," म्हणाली. "तू दुशान्बेला पेपर तपासायला गेली होतीस. आपला जुना नान चहात भिजवून भिजवून संपवला त्याने. बाप समोर बसून रडत होता. दुसऱ्या दिवशी निघाला, तेव्हा हा नवा चावला."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"त्यानेच शपथ घातली. म्हणाला, आईला सांगू नका, डिग्री अजून घेतलेली नाही."

१५ सप्टेंबर

तो आला होता. तो पुन्हा येणार म्हणून चावून गेलाय. त्याचा नंबर आपाकडेही नाही. विमान पुढे ढकलू का? मेहरंगेजला दोनदा फोन लावला, दोनदा उचलायच्या आत ठेवला.

१६ सप्टेंबर

ढकलणार नाही. घराची किल्ली द्यायचीच आहे. पण आपाच्या भिंतीत खिळा ठोकून आले. ती ओरडली, "अगं, पोपडे निघाले!" निघू देत.

१८ सप्टेंबर

ओयदिना-आपाच्या हवाली — चहादाणी एक. शुहरतचा नान, पिशवीसकट. मॉन्ट्रियलचा पत्ता आणि फोन, मोठ्या अक्षरांत. त्याच्यासाठी तोंडी निरोप: डिग्री विचारणार नाही.

आणि सत्तोरच्या भट्टीतला आजचा नान एक. घास मी खाल्लेला.